जीभ रजेवर, बाग चालू

आतड्याच्या कॅन्सरवर नेहमी दिलं जाणारं एक औषध आहे, ऑक्सॅलिप्लॅटिन. २ तासांची सलाइन, मग १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, ७ दिवस मोकळे, आणि बाविसाव्या दिवशी पुन्हा सलाइन. या औषधाचा एक चमत्कारिक त्रास असा, की सलाइन लागल्यावर काही तासांतच गार वस्तू सोसेनाशी होते. थंडी वाजणं वेगळं. इथे फ्रीजमधली बाटली हातात धरली की बोटांत सुया टोचतात, गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळतो आणि श्वास अडकला की काय असं वाटतं. श्वास अडकलेला नसतो, पण माणूस घाबरतो. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना हे चार-पाच दिवसांत ओसरतं, पुढे पुढे लांबत जातं.

डॉक्टर सांगतात, आठवडाभर फ्रीजला हात लावू नका, कोमट पाणी प्या. बँकेत नोकरी करणाऱ्याचं त्यावर भागतं. वाइनमेकरचं काय? सोव्हियॉ ब्लाँचा ग्लास ८ ते १० अंशांवर दिला जातो. पांढरी वाइन आंबते तीच मुळी १२ ते १६ अंशांवर, टाकीभोवतीच्या गार ग्लायकॉलच्या वेष्टनात. बाटलीत भरण्याआधी टार्टरेटचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे, खडे खाली बसावेत म्हणून तीच टाकी शून्याच्याही खाली नेतात, आणि तिचा स्टीलचा व्हॉल्व्ह हातानेच उघडायचा असतो. त्यात नाशिकची तोडणी जानेवारी ते मार्च, तीही पहाटे, कारण ऊन चढायच्या आत द्राक्षं शीतगृहात पोचायला हवीत. जानेवारीत निफाडकडे पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. त्या वेळी कात्रीचं लोखंड साध्या हातालाही चावतं.

म्हणजे या धंद्यातल्या माणसाला हा आजार झाला, तर त्याचं औषध त्याच्या कामाच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवतं. याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं गेलंय. कारण साधं आहे: महाराष्ट्रातला आजचा वाइनधंदा तरुण आहे. नारायणगावची सुरुवात ऐंशीच्या दशकातली, नाशिकची पहिली ठळक लावणी नव्वदीच्या शेवटाची, राज्याचं वाइन धोरण २००१ चं. त्या काळात पस्तिशीत असलेली माणसं, ज्यांनी गहू-कांद्याच्या रानात शेनिन ब्लाँ आणि शिराझ ही वाइनची द्राक्षं लावली, ती आता साठीच्या आसपास आहेत. हे आजार गाठतात ते याच वयात. फ्रान्समध्ये बाप आजारी पडला तर चार पिढ्यांचा सराव मदतीला असतो. इथे पहिलीच पिढी आहे आणि पुष्कळ गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात आहेत.

या लेखाचं म्हणणं एवढंच, की आजारात वाइनवाल्याची जीभ आधी जाते, बाग नंतर. बरेचदा बाग जातच नाही. पण घरचे आणि कंपनीवाले नेमकं उलट करतात. माणसाला बागेतून उठवून घरी बसवतात आणि ‘थोडीशी चव तेवढी बघून सांगा’ म्हणून ग्लास पुढे धरतात.

जिभेचं काय होतं ते आधी बघू. चव ओळखणाऱ्या पेशी सरासरी १० दिवसांत झिजतात आणि नव्या येतात. कीमोची बहुतेक औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात, त्यात कॅन्सरच्या पेशींबरोबर केसांची मुळं, आतड्याचं अस्तर आणि या चवीच्या पेशीही सापडतात. नाकाच्या वरच्या टोकाशी असलेल्या गंधपेशीही नव्या येत असतात, पण संथपणे, काही आठवड्यांच्या हिशेबाने. म्हणून एकाच माणसाची जीभ आणि नाक वेगवेगळ्या वेळी बिघडतात आणि वेगवेगळ्या वेळी सुधारतात. प्लॅटिनमवर्गी औषधांनी तोंडाला धातूची चव येते, जणू तांब्याचं नाणं जिभेखाली ठेवलंय. रेड वाइन त्यावर आणखी धातूसारखी लागते आणि माणूस म्हणतो, ‘ही बॅच बिघडली.’ बॅच ठीक असते.

टॅनिनची, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या तुरट द्रव्याची, गोष्ट याहून फसवी. रेड वाइनचा तुरटपणा ही मुळात चव नाहीच, तो स्पर्श आहे. लाळेत प्रोलीन भरपूर असलेली प्रथिनं असतात, टॅनिन त्यांना धरून गाठी करतं, आणि तोंडाचं वंगण गेल्याने आतून खरखरीत वाटतं. मानेला आणि तोंडाला रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या लाळग्रंथी मार खातात. लाळ कमी म्हणजे वंगण आधीच कमी, त्यात आम्ल सौम्य करायलाही कोणी नाही. अशा तोंडाला चांगलं मुरलेलं कॅबरने सोव्हियॉसुद्धा कच्च्या सुपारीसारखं ओढतं. रेडिएशनमध्ये चव दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जायला लागते. ती परत यायला महिने लागतात, कधी वर्षही जातं. लाळ पूर्वीइतकी येईलच असं नाही. या काळात तोंड आलेलं असेल तर १३ टक्के अल्कोहोल आणि ३.४ पीएचचं आम्ल त्या जखमांवर घेणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, मग थुंकून टाकायचं असलं तरी.

नाकाचं कौतुक या धंद्यात अंमळ जास्तच आहे. फ्रान्समधल्या बोर्दोत शातो, म्हणजे द्राक्षबाग आणि वाइनरी, चालवणाऱ्या इल्या गॉर्ट या डच माणसाने २००८ मध्ये लॉइड्सकडे आपल्या नाकाचा ५० लाख युरोंचा विमा उतरवला होता. बातमी जगभर गाजली. पण ठणठणीत नाकातही भोकं असतात. शिराझला काळ्या मिरीचा वास देणारं रोटंडोन नावाचं संयुग ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधकांनी २००८ मध्ये शोधून काढलं, तेव्हा चाचणीतल्या सुमारे २० टक्के लोकांना ते भरपूर प्रमाणातही समजेना. म्हणजे पाचातला एक जण जन्मतःच शिराझच्या एका पानाला मुकलेला असतो, आणि तरी परीक्षक म्हणून सुखाने नांदतो. आजारी माणसाला निदान आपलं काय गेलंय हे तरी माहीत असतं.

ते नीट माहीत करून घेण्याची रीत आहे आणि ती घरी जमते. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम साखर, दुसऱ्या लिटरमध्ये १ ग्रॅम टार्टरिक आम्ल, तिसऱ्यात १ ग्रॅम मीठ. चौथं साधं पाणी. दुसऱ्याने ओतून द्यायचं, ग्लासांना फक्त आकडे. ओळखता आलं तर जीभ निदान जागेवर आहे. पुढची पायरी त्रिकोणी चाचणीची: तीन ग्लास, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात थोडी बदललेली, आणि वेगळा ग्लास कुठला ते सांगायचं. नुसत्या नशिबानेही तीनात सरासरी एकदा बरोबर येतं, म्हणून हे ६ वेळा करायचं. सहापैकी ५ बरोबर आले तरच जीभेवर भरवसा ठेवायचा. चारवर ‘जवळजवळ आलंच की’ म्हणून ब्लेंड, म्हणजे वाइनचं मिश्रण, ठरवायला बसायचं नाही. ही चाचणी फेरीच्या तिसऱ्या आठवड्यात, पुढच्या सलाइनच्या आधीच्या चार-पाच दिवसांत करावी, कारण पुष्कळांची चव त्या दिवसांत सगळ्यात ताळ्यावर असते. ऑक्सॅलिप्लॅटिनवाल्याने पांढरी वाइनही खोलीच्या तापमानालाच हुंगावी. गारव्यात झाकलेले दोष तशा वाइनमध्ये उघडे पडतात, त्यामुळे नुकसान काहीच नाही. घोट घ्यायचा की नुसतं हुंगायचं हे मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. औषधं, यकृत आणि तोंडाची अवस्था प्रत्येकाची निराळी.

सलाइनच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस आपल्या आवडत्या वाइनच्या जवळपासही जाऊ नये. यामागे भक्कम कारण आहे. १९७८ मध्ये इलीन बर्नस्टाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी कीमो घेणाऱ्या मुलांना औषधाआधी एका नव्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर त्याच मुलांनी ते आइस्क्रीम नको म्हटलं. मेंदूने मळमळीचं खापर औषधावर न फोडता त्या चवीवर फोडलं होतं. ही नावड डोक्याने ठरवून होत नाही आणि समजूत घालून जात नाही. ज्याने पंधरा वर्षं एका प्लॉटमधून शेनिन ब्लाँ काढलं, त्याच्या नाकाला सलाइनच्या दिवशी तोच वास गेला, तर औषध संपल्यावरही तो ग्लास पोट ढवळून काढू शकतो. त्याच संशोधनातून पुढे एक युक्तीही निघाली: औषधाच्या आधी एखादी अनोळखी, तीव्र चवीची गोळी चघळायची. नावड त्या गोळीवर बसते आणि जेवण बऱ्यापैकी वाचतं. मग ती गोळी जन्मात पुन्हा खाल्ली नाही तरी काय बिघडतं!

हरवलेल्या गंधासाठी जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये एक सराव मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी साधारण १० सेकंद, १२ आठवडे. कोविडनंतर हा सराव जगभर पोचला. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या वाइनतज्ज्ञांच्या संघटनेने आम्हाला लस आधी द्या अशी मागणी केली होती, इतकी त्या विषाणूने नाकावर जगणाऱ्यांची गाळण उडवली. मूळ प्रयोग कीमोच्या रुग्णांवरचा नव्हता, त्यामुळे फार आशा बांधू नये. पण खर्च शून्य आणि अपाय शून्य. हुंगताना त्या वासाची आठवण मुद्दाम जागी करायची, हा सरावाचा अर्धा भाग. नुसतं नाकाजवळ नेऊन ठेवण्याने काही होत नाही.

जेरार्द बासे या सोमेलिएबद्दल, म्हणजे हॉटेलात वाइन निवडून देणाऱ्या जाणकाराबद्दल, इथे लिहायलाच हवं. सेंत एतियेनचा हा फ्रेंच मुलगा फुटबॉलच्या सामन्यासाठी लिव्हरपूलला गेला, इंग्लंडच्या प्रेमात पडला आणि पुढे तिथेच स्थायिक झाला. १९८९ मध्ये मास्टर सोमेलिए आणि १९९८ मध्ये मास्टर ऑफ वाइन या पदव्या, मधे १९९४ मध्ये विंचेस्टरला एक हॉटेल, जिथे वाइनची यादी जेवणाच्या यादीइतकीच मन लावून केलेली असे. जगातल्या सर्वोत्तम सोमेलिएच्या स्पर्धेत अनेकदा उतरून, हुलकावण्या खाऊन, अखेर २०१० मध्ये चिलीतल्या सांतियागोत ५३ व्या वर्षी जिंकला. त्या वयात बाकीचे परीक्षकाच्या खुर्चीत बसलेले असतात. २०१७ मध्ये अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला आणि जानेवारी २०१९ मध्ये ६१ व्या वर्षी बासे गेले. आजारपणात त्यांनी आत्मचरित्र लिहून काढलं, ते २०२० मध्ये आलं. त्यांच्या नावाचा न्यास आता वाइनशिक्षणात मागे राहिलेल्या समाजांतल्या मुलांना शिष्यवृत्त्या देतो. त्यांच्याबद्दलच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते, ती म्हणजे शिकवण्याची हौस. जिभेच्या जोरावर पहिला आलेला माणूस शेवटी मागे ठेवून गेला ते शिकवलेली माणसं. नाशिकच्या वाइनरीत जे सहायकाला ग्लास धरण्यापलीकडे काही शिकवत नाहीत, त्यांनी याकडे बघावं.

आणि आता अडचणीचा मुद्दा. अल्कोहोलयुक्त पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर होण्याला कारण ठरतात हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या गटात. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्त्रियांचे स्तन. शरीरात अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते डीएनएला इजा करतं. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं, की कितीही कमी प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. रेड वाइनमधल्या रेझव्हेराट्रॉलचा डांगोरा अजून पिटला जातो, पण वाइनमध्ये ते लिटरला जेमतेम काही मिलिग्रॅम असतं आणि प्रयोगांतले डोस त्याच्या शेकडो पटींचे असतात. एखाद्या विशिष्ट माणसाचा कॅन्सर त्याच्या धंद्यामुळेच झाला असं कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण हे सारं ठाऊक असूनही वाइनवर प्रेम करता येतं का? येतं, पण ते प्रेम घोटापेक्षा जमिनीवर जास्त असेल तर ते टिकतं, असं आमचं मत.

आणि जमीन काय मागते? नाशिकच्या बागेला हिवाळ्याची खरी झोप नाही. युरोपात वेल बर्फात झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. इथे वेल झोपतच नाही म्हणून दोनदा छाटावी लागते आणि पीक एकदाच घ्यावं लागतं. काड्या तयार करण्यासाठी एप्रिलची खरड छाटणी आणि फळासाठी पावसाळ्याच्या शेवटाची, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी. पुढच्या वर्षीचा घड ठरतो तो खरड छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे अंकुराच्या, आत, जिथे बाहेरून काही दिसत नाही. या दिवसांत पानांची गर्दी झाली, ऊन आत पोचलं नाही, नत्र जास्त पडलं, तर सूक्ष्मघड नीट होत नाहीत आणि ऑक्टोबरात घड जिरतात, त्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा, निघते. म्हणजे बागेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम मे-जूनमध्ये असतं आणि त्याला जीभ, नाक यांतलं काही लागत नाही. काड्या मोजायच्या, जास्तीची फूट काढायची, शेंडे मारायचे, आणि पाणी नेमकं कधी तोडायचं ते बघायचं.

उपचारातल्या माणसाने यातलं काय करावं? कात्री हातातून ठेवावी. ऑक्सॅलिप्लॅटिनने बोटांची टोकं बधिर होतात, आणि हा बधिरपणा औषध थांबल्यावरही काही महिने वाढत जातो. बधिर बोटाला कात्री लागलेली कळत नाही, आणि प्लेटलेट्स कमी असल्या तर रक्त थांबत नाही. कॅपेसिटाबिनने तळहात लाल होऊन सोलपटतात, घर्षणाने आणखी बिघडतात. बोटांचे ठसेसुद्धा पुसट होतात, इतके की आधारच्या यंत्रावर अंगठा लागत नाही. सबसिडीच्या कागदांसाठी डोळ्यांच्या खुणेचा पर्याय आधीच करून ठेवावा. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला वायरचा ओरखडासुद्धा महागात पडतो. हात सुजतो, जंतुसंसर्ग चढतो. लांब बाह्या, हातमोजे, आणि २० किलोचं क्रेट त्या हाताने कधीच नाही.

मग उरतं ते पुढे चालण्याचं काम, आणि तेच खरं मालकाचं काम आहे. छाटणाऱ्या टोळीच्या आधी ओळीतून चालायचं, हातात रंगीत फिती. कुठला ओलांडा, म्हणजे तारेवरची आडवी फांदी, मेलाय, कुठे खोडावर पिठ्या ढेकूण आहे, कुठल्या वेलीची पानं हंगामाच्या शेवटी लाल होऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, म्हणजे पान वळण्याच्या विषाणूचा संशय. गोडी छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत पाठवून डोळे तपासून आणायचे, घड कितव्या डोळ्यावर आहे ते कळतं आणि छाटणी त्याच्या पुढे घ्यायची. दिवसाला एक एकर बघून झाला तरी पुरे. थकवा आला की ओळीच्या टोकाला बसायचं. खुर्ची आधीच नेऊन ठेवलेली असावी, तिच्यासाठी हाका मारायला लागू नयेत.

सलाइननंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या आठवड्यात शेणखत, कंपोस्ट, स्लरी, पालापाचोळा उकरणं, हे सगळं बंद. तिथल्या बुरशीचे बीजाणू निरोगी माणसाला काही करत नाहीत, या माणसाच्या फुफ्फुसात घर करू शकतात. ताप ३८ अंशांवर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन वाट बघायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं. तोडणीच्या धांदलीत ‘संध्याकाळी बघू’ म्हणणं जिवावर बेततं.

गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, नाशिककडे लिटरला साधारण ३० ते ४० मिली, छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत. हे रसायन शरीरात गेलं की ॲसिटाल्डिहाइड मोडणारं विकर अडवतं. म्हणजे त्यानंतर कोणी घोटभरही प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. याच जातीचं औषध दारू सोडवण्यासाठी वापरलं गेलंय. वाइनच्या बागेत, जिथे सकाळी पेस्ट आणि संध्याकाळी टाकीवरचं सँपल असतं, तिथे हे घडू शकतं हे निरोगी लोकांनाही माहीत नसतं. हाताळणीच्या आधी आणि नंतर काही दिवस दारू वर्ज्य, असं डब्यावरच लिहिलेलं असतं, पण डबा वाचतो कोण? आजारी माणसाने त्या आठवड्यात बागेकडे फिरकू नये.

तोडणी कधी करायची, हा वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय. तोही बहुतेक डोळ्यांनी आणि कानांनी घेता येतो. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरच्या, मधल्या, खालच्या भागातून मिळून १०० ते २०० मणी गोळा करायचे. एकाच गोंडस घडाचे मणी घेतले तर साखर हमखास जास्त येते, ही नवशिक्यांची चूक. रस काढून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, मग पीएच. मीटर ४ आणि ७ च्या द्रावणावर आधी जुळवून घेतलेला. मग बिया. हिरव्या बिया म्हणजे थांबा. तपकिरी झाल्या, दाताखाली कडकन फुटल्या, की टॅनिन तयार. हा आवाज चव गेलेल्या माणसालाही ऐकू येतो, फक्त पांढऱ्या पेशी कमी असतील तर मणी धुऊन घ्यावेत आणि फोडायचं काम दुसऱ्याच्या दातांवर सोपवावं. मणी देठापासून किती सहज सुटतो, साल बोटाला किती रंग लावते, हेही बघायचं. शिराझ २३-२४ ब्रिक्सला आली आणि बिया अजून हिरव्या असल्या, की जिभेवर विसंबलेले वाइनमेकर घाई करतात. गोडीने त्यांना फसवलेलं असतं.

वाइनरीच्या आत आकड्यांवर काम भागतं, आणि खरं तर नेहमीच भागायला हवं. वाइन टिकवणारा मुक्त सल्फर डायऑक्साइड किती लागेल ते पीएचवर ठरतं: ३.२ ला लिटरमागे २० मिलिग्रॅम पुरतं, तेवढ्याच संरक्षणासाठी ३.६ ला ५० लागतं. १,००० लिटर वाइनमध्ये तो लिटरमागे ३० मिलिग्रॅमने वाढवायचा तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट सुमारे ५२ ग्रॅम, कारण त्यात जेमतेम ५७ टक्केच सल्फर डायऑक्साइड असतो. ती पावडर उधळते. फुफ्फुसावर रेडिएशन झालेल्याने दुसऱ्याकडून वजन करून घ्यावं. आंबणाऱ्या टाकीत डोकावणं तर कोणीच करू नये. लिटरभर रसातून ५० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो खाली साचतो. हिमोग्लोबिन ८ वर आलेला माणूस त्यात आधी पडेल.

उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना धंदा सांगायला लोक लाजतात. दवाखान्यात ‘वाइन’ म्हटलं की भुवया उंचावतात, म्हणून ‘शेती’ सांगून मोकळे होतात. असं करू नये. नाक, जीभ, बोटं यांवर पोट आहे हे कळलं तर काही वेळा निवड बदलते. तिसऱ्या टप्प्यातल्या आतड्याच्या कॅन्सरवर २०१८ मध्ये सहा चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं, रुग्ण १२ हजारांहून जास्त. त्यातून दिसलं, की कमी धोक्याच्या गटात ऑक्सॅलिप्लॅटिन-कॅपेसिटाबिनचे ३ महिने जवळजवळ ६ महिन्यांइतकेच काम देतात, आणि नसांचा त्रास बराच कमी होतो. आपण त्या गटात बसतो का, हा प्रश्न वाइनमेकरने विचारलाच पाहिजे. सलाइनच्या तारखा ठरवतानाही तोडणीचा आठवडा पुढे ठेवावा. दोन-चार दिवसांची सोय बऱ्याचदा होते. औषध लांबवणं मात्र डॉक्टरांच्या मर्जीवर सोडावं, द्राक्षाच्या नाही.

राहता राहिला नव्या लावणीचा प्रश्न. आजारी माणसाने नवी बाग लावावी का, यावर घरोघरी वाद होतात. नाशिकच्या पद्धतीत याला एक सोय आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आधी नुसता खुंट, म्हणजे कलमाखालचं मुळांचं झाड, लावतात, डॉगरिज किंवा ११० आर या जातीचा. ९ बाय ५ फुटांवर लावला तर एकरी ९६८ झाडं. तो वाढतो पावसाळाभर, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, हवेत दमटपणा असताना, त्यावर पाचर कलम भरतात. पुढच्या फेब्रुवारीत रिकट, म्हणजे वाढलेल्या कलमाची पुन्हा छाटणी, मग खोड आणि ओलांडे, आणि लावणीपासून दोन वर्षांनी पहिला हलका हंगाम. जात कुठली हे ठरतं कलमाच्या दिवशी. म्हणजे उपचार चालू असताना खुंट लावून टाकायचा, ठिबक जोडायचं, आणि शेनिन ब्लाँ की शिराझ हा विचार ऑगस्टवर ढकलायचा. तोवर तपासण्यांचे रिपोर्ट आलेले असतात, पावसाचाही अंदाज आलेला असतो, आणि कलमकाड्या कोणाकडून आणायच्या तेवढं जुलैमध्ये सांगून ठेवलं तरी चालतं. फक्त काड्या विषाणूमुक्त बागेतल्या असाव्यात आणि पेन्सिलएवढ्या जाड. बारीक काडी उन्हात सुकते आणि कलम फसतं.